दिसायला बरी नव्हती म्हणून

लोणी भापकरच्या संभाजीराव भापकरांना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळायला तीन वर्षं लागली. रिव्हॉल्व्हर घरी आल्यावर ते बघून व्हायला घरच्यांना तीन मिनिटंही लागली नाहीत.

त्यांची वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत, डाळिंबाच्या बागेत. शेजारच्या वस्तीवर एकदा चोर येऊन माणसांना खोलीत कोंडून गेले, तेव्हापासून संभाजीरावांनी हत्यार घ्यायचं मनावर घेतलं होतं. अर्ज झाले, चौकशी झाली, पुण्याला खेटे झाले, आणि शेवटी दुकानदारानं त्यांच्यापुढं यादी ठेवली. त्यांनी त्यातलं सगळ्यात स्वस्त रिव्हॉल्व्हर निवडलं. गोळी काय, सगळ्यांतून सारखीच सुटते, असं त्यांचं साधं मत होतं. ते दिसतं कसं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. तो त्यांना दुसऱ्यांनी आणून दिला.

घरी त्यांनी खोकं उघडलं तेव्हा आत एक बसकं, जाडसर, काळं यंत्र होतं. नळी एवढीशी, मूठ मात्र ढोबळ आणि खरखरीत प्लास्टिकची. करणाऱ्यानं निम्म्यावर येऊन जेवायच्या सुट्टीला जावं आणि परत येऊच नये, तसं ते दिसत होतं. मुलगा रणजित हातात घेऊन म्हणाला, वजन चांगलं आहे. सून सुप्रिया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. पहिलीतल्या पोरांची चित्रं बघून ती ज्या आवाजात छान म्हणायची, त्याच आवाजात तिनं "छान आहे, आबा" म्हटलं.

संभाजीरावांच्या बायकोनं, कुशाबाईंनी, मात्र वाकून खोक्यात आणखी काही आहे का ते बघितलं.

"अवो, एवढंच?" त्यांनी विचारलं. मग थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "आपली फवारणीची गन बरी की. लांबलचक, पितळंची. चोर तिला बघून तरी भिईल."

संभाजीरावांनी खोकं बंद करून कपाटात ठेवलं. पण खरा त्रास पुढच्या रविवारी सुरू झाला, कारण रविवारी व्याही आले.

व्याही म्हणजे सुप्रियाचे वडील, भवानीनगरचे दादासो काळे. आयुष्यभर साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवर काढलेली वस्तू बोटानं चाचपून तिच्यातली खोट सांगायची त्यांना सवय, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय त्यांनी जगातल्या सगळ्या वस्तूंना लावली होती. त्यांच्याकडंही परवान्याचं पिस्तूल होतं, त्यामुळं या विषयात बोलायचा आपला हक्क आहे असं ते धरून चालत. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, रिकामं रिव्हॉल्व्हर उजेडात धरलं, नळीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कुठल्या पाळीत काढलंय हे?"

संभाजीरावांना प्रश्न कळला नाही.

"न्हाय, कानस मारायची राहिलीय हितं. असला जॉब माझ्याकडं आला असता तर मी परत धाडला असता."

संभाजीराव म्हणाले की हत्याराचं दिसणं काय बघायचं, गोळी कुठं जाते ते बघायचं. त्यावर दादासोंनी रिव्हॉल्व्हर शांतपणे खाली ठेवलं. "तसं कसं, व्याही? तुमच्या घरी पोरगी दिली तवा आमी पोराचा निस्ता पगार बघितला न्हवता. त्वांड बी बघितलं व्हतं."

सगळे हसले, रणजितसुद्धा. तिथून ती गोष्ट सुरू झाली आणि सहा वर्षं चालली. दर भेटीला दादासो त्या रिव्हॉल्व्हरला नवं नाव घेऊन यायचे. कधी ते नळाची तोटी असायचं, कधी केळीवाल्याच्या तराजूतलं वजन, कधी शिलाई मशीनचा हरवलेला भाग. बारशाला, वास्तुशांतीला, एकदा तर कुणाच्या तरी तेराव्यालाही त्यांनी संभाजीरावांना कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं होतं, तोटी गळत तर नाही ना. खंडेनवमीला कुशाबाई घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून हळद-कुंकू वाहायच्या. कोयता, नट-बोल्टचे पाने, छाटणीच्या कात्र्या आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. दादासोंनी एका वर्षी तो पाट बघितला आणि म्हणाले की कात्रीनं जरा सरकून बसावं, शेजारी कोण बसलंय ते बघून तिला लाज वाटत असेल.

संभाजीराव उलट एकच मागणी करायचे. तुमचं पिस्तूल एकदा दाखवा. दादासो म्हणायचे, ते सडपातळ आहे, चपटं आहे, कमरेला लावलं तर सदऱ्यावरून कळतसुद्धा नाही. पण दाखवत नसत. हत्यार ही दाखवायची वस्तू नव्हे, असं म्हणून ते गंभीर व्हायचे आणि चहा मागायचे.

बोलून दाखवलं नाही तरी संभाजीरावांच्या मनाला ते लागत गेलं. माणूस मूळचा हौशी. बैल होते तेव्हा शिंगांना रंग देण्यात त्यांचा निम्मा दिवस जायचा. ट्रॅक्टर आला तर त्याच्या बॉनेटला त्यांनी गोंडे लावले. आणि आपल्याच कपाटात आपण न बघता निवडलेली एक वस्तू आहे, ही गोष्ट त्यांना अधूनमधून खुपायची. कपाट उघडलं की ते खोक्याकडं एकदा बघायचे आणि दार जरा जोरात लावायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते बारामतीला एका फर्निचरच्या कारखान्यात दाराची चौकट बघायला गेले होते. तिथं मिस्त्री शिसवीच्या फळीला पॉलिश करत होता. ओल्या पॉलिशखाली लाकडाच्या रेषा उमटत होत्या. संभाजीराव चौकट विसरून तिथंच उभे राहिले. दोन दिवसांनी ते पुन्हा आले तेव्हा त्यांच्या खिशात कागदात गुंडाळलेले प्लास्टिकचे दोन तुकडे होते. रिव्हॉल्व्हर कपाटातच होतं, फक्त मुठीच्या दोन बाजू स्क्रू काढून आणल्या होत्या. मिस्त्रीनं कशाच्या म्हणून विचारलं. संभाजीरावांनी खरं सांगितलं आणि परवानाही दाखवला. मिस्त्रीनं आठ दिवसांनी या म्हटलं.

आठ दिवसांनी मूठ तयार होती. शिसवीची, गुळगुळीत, गडद. आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक कोयरी कोरलेली होती. संभाजीरावांनी नक्षी सांगितलीच नव्हती. मिस्त्री म्हणाला, लाकूड फार चांगलं निघालं, मोकळं सोडवेना. संभाजीरावांनी घरी येऊन ती बसवली, खोलीचं दार लावून बराच वेळ आरशासमोर उभे राहिले, आणि हे कुणालाही सांगायचं नाही असं ठरवून रिव्हॉल्व्हर आत ठेवलं. कोयरीचं त्यांना थोडं चोरट्यासारखं होत होतं. पण ती काढून टाकावी असं काही वाटत नव्हतं.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आचारसंहिता आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तसा ठाण्यातून फोन आला. नेमके त्याच आठवड्यात दादासो लेकीकडं राहायला आले होते. बारामतीला त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि तपासणीला जवळ पडावं म्हणून सुप्रियानं त्यांना वस्तीवरच ठेवून घेतलं होतं. डोळ्यावर मोठा काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, आणि टीव्ही बंद. माणूस कंटाळून गेला होता. ठाण्यात जायचं म्हटल्यावर ते संभाजीरावांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

ठाण्यात आठ-दहा जण रांगेत होते. टेबलामागं हवालदार पद्मा बसल्या होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. प्रत्येकाचं हत्यार हातात घ्यायच्या, नंबर ताडून बघायच्या, काडतुसं मोजायच्या आणि पावती द्यायच्या. संभाजीरावांची पाळी आली. त्यांनी पिशवीतून खोकं काढलं आणि उघडताना शरीर मध्ये घालून दादासोंच्या बाजूनं आडोसा केला. नंबर जुळला. काडतुसं जुळली. मग पद्माबाईंनी जुनं रजिस्टर काढलं आणि मागच्या निवडणुकीला लिहिलेलं वर्णन वाचलं.

"मूठ काळी, प्लास्टिक," त्या म्हणाल्या. त्यांनी रिव्हॉल्व्हर उलटंपालटं केलं. "ही लाकडी आहे."

"व्हय."

"बदललीत?"

"व्हय."

"का?"

संभाजीरावांनी रांगेकडं बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मागं दादासोंनी काळा चष्मा काढला होता आणि डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हणून सांगितलेला डोळा बारीक करून ते व्याह्यांच्या खांद्यावरून टेबलाकडं बघत होते.

"दिसायला बरी न्हवती," संभाजीराव शेवटी म्हणाले.

पद्माबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. वर्णनात फरक पडला आहे, तेव्हा कारणासह एक अर्ज लिहून द्या, असं सांगून त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. संभाजीराव बाकावर बसून लिहू लागले. दादासो शेजारी येऊन बसले. ते काहीच बोलत नव्हते, आणि तेच संभाजीरावांना जास्त जड जात होतं. अर्जात त्यांनी लिहिलं, की सदर हत्याराची मूळ मूठ दिसायला बरी नव्हती म्हणून मी ती स्वखुशीनं बदलली आहे, तरी नोंद व्हावी, ही विनंती.

पद्माबाईंनी अर्ज वाचला. म्हणाल्या की साहेबांनी हे वाचलं तर विचारतील. त्यापेक्षा मूठ हाताला नीट बसत नव्हती असं लिहिलं तर बरं.

संभाजीराव जरा घुटमळले. तेवढ्यात दादासोंनी प्रथमच तोंड उघडलं. "खोटं कशाला लिवायचं, म्याडम? हाताला चांगली बसत व्हती. सहा वर्सं मी बघतोय. दिसायलाच वंगाळ व्हती."

रांगेतल्या कुणीतरी खोकल्यासारखं केलं. पण या एका बाबतीत संभाजीरावांना व्याह्यांचं पटलं. सरकारला खोटं लिहून द्यायचं आणि तेही आपल्याच वस्तूबद्दल, हे त्यांना नको होतं. ते म्हणाले, आहे तसंच राहू द्या. पद्माबाईंनी अर्ज फायलीला लावला आणि रजिस्टरात नवं वर्णन लिहिताना सावकाश मोठ्यानं म्हटलं, मूठ लाकडी, गडद, दोन्ही बाजूंस कोयरीची नक्षी. मग पावती फाडून देत त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं हत्यारं जमा करून घेतेय. नक्षीचं पहिलंच."

हे कौतुक होतं की नव्हतं ते संभाजीरावांना घरी येईपर्यंत कळलं नाही. कळायला वेळही मिळाला नाही, कारण दादासो सगळ्या वाटेनं बोलत होते. आता एक नऊवारी शिवून घ्या म्हणाले. मंगळागौरीला न्या म्हणाले. चोर आलाच तर त्याला आधी हळद-कुंकू लावा, मग गोळी घाला. आणि घरी पोचल्यावर त्यांनी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून कुशाबाईंना सांगितलं. कुशाबाई पदराआड हसल्या, पण रात्रीचं वाढताना नवऱ्याला म्हणाल्या की मला दाखवायचं होतं की ओ एकदा. कोयरी मला आवडते.

त्याच जेवणात सुप्रियाच्या लक्षात आलं. "अण्णा, तुमचं पिस्तूल?"

दादासोंचं हत्यार भवानीनगरला, घरच्या कपाटात होतं. त्यांच्याकडच्या ठाण्यातही जमा करायची मुदत उद्यापर्यंतच होती. दादासो म्हणाले, बघू. मग म्हणाले, सकाळी एसटीनं जाऊन येईन. डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस झाले असताना एसटीनं जायचं म्हटल्यावर सुप्रियानं चमचा खाली ठेवला. मग दादासो म्हणाले की डॉक्टरांनी प्रवासच करू नका सांगितलंय. सुप्रियानं विचारलं, आज कुठं गेला होता. संभाजीराव भाताचा घास घेत म्हणाले, "मी नेतो की त्यांना. मला काय काम हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. कारखान्याचा हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते आणि त्यांच्यामागून गाडी हळूहळू सरकत होती. एरवी दादासोंनी प्रत्येक ट्रॉलीच्या जोडणीवर मत दिलं असतं. आज ते काळ्या चष्म्याआड गप्प होते. घरी पोचल्यावर ते एकटेच आतल्या खोलीत गेले आणि साडीच्या दुकानाची एक पिशवी घेऊन बाहेर आले. पिशवीत मफलर होता आणि मफलरमध्ये पिस्तूल. ठाण्याच्या दारात ते म्हणाले, व्याही, समोर चहा फार चांगला मिळतो, तुम्ही पुढं व्हा. संभाजीराव म्हणाले, आपण दोघं मिळूनच घेऊ.

टेबलावर मफलर सुटला. पिस्तूल चपटं होतं हे खरं, पण त्यापलीकडं दादासोंनी सहा वर्षांत जे जे सांगितलं होतं त्यातलं काही तिथं नव्हतं. राखी रंग जागोजागी उडालेला होता. नळीची बाजू बोथट, चौकोनी. आणि मुठीवर, वरपासून खालपर्यंत, वायरिंगला लावतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. तिचं एक टोक सुटून वर आलं होतं. ठाण्यातल्या शिपायाला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं जुन्या रजिस्टरात बघितलं, चिकटपट्टी तिथंही लिहिलेली होती.

संभाजीरावांच्या तोंडाशी नावं आली. एक नाही, पाच-सहा आली, आणि सगळी बिनतोड होती. त्यांनी व्याह्यांकडं बघितलं. दादासो भिंतीवरच्या हरवलेल्या माणसांच्या फोटोंकडं बघत उभे होते. एका हाताची बोटं ते टेबलाच्या कडेवरून फिरवत होते, खोट शोधल्यासारखी. काळ्या चष्म्याखालून ऑपरेशनच्या डोळ्यातलं पाणी गालावर आलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"चांगलं हाय की," संभाजीराव म्हणाले.

दादासोंनी पावती घेतली. चहा घेतला. परतीच्या वाटेवर अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, काय चांगलं आहे. संभाजीराव म्हणाले, चपटं आहे, तुम्ही म्हणाला होता तसंच. दादासोंनी मान हलवली आणि पुन्हा उसाच्या ट्रॉल्यांकडं बघत बसले. संध्याकाळी सुप्रियानं विचारलं, अण्णा जेवले का नाहीत नीट, तिथं काही झालं का. संभाजीराव म्हणाले, काही नाही, सगळं जमा झालं. त्यांनाही कसंतरीच वाटत होतं. सूड घ्यायची एवढी चांगली वेळ हातची घालवली म्हणून, की नीट घालवता आली नाही म्हणून, ते त्यांना उमगेना.

सकाळी ते बागेत छाटलेल्या फांद्या गोळा करत होते तेव्हा दादासो बांधावरून काठी टेकत आले. इतक्या लांब ते एकटे चालत आले होते.

"संभाजीराव," ते म्हणाले, "तुमी काल चांगलं हाय म्हणालात. मला झोप लागली न्हाय."

"का?"

"सहा वर्सं मी तुमचं काय काय काढलं. आन माझं बघितल्यावर तुमी चांगलं म्हणता. म्हंजी मी आता म्हातारा झालो, डोळं गेलं, ह्याच्याशी काय बोलायचं, असंच ना?"

संभाजीरावांनी हातातल्या फांद्या खाली टाकल्या. असं काही आपल्या मनात नव्हतं, असं ते म्हणणार होते. पण थोडं होतं, आणि ते दादासोंना बरोबर दिसलं होतं.

"खरं सांगू?"

"त्येच ऐकायला आलोय."

"तहसील कचेरीत कागदं टाचायचं मशीन असतंया, मोठं. त्येला कुणीतरी गाडीखाली घातलंया आन वर दवाखान्यात न्हिऊन पट्टी बांधलीया. मला तर वाटलं, जमा करायला न्हाय, भरती करायला आणलंया."

दादासोंनी ऐकून घेतलं. मग काठी रोवली आणि बांधावर बसले. "आनखी?"

संभाजीरावांनी आणखी सांगितलं. काल तोंडाशी आलेली सगळी नावं सांगितली, आणि रात्री अंथरुणावर सुचलेलीही सांगितली. रंगाबद्दल सांगितलं. मफलरबद्दल विचारलं, की त्याला थंडी वाजते का. दादासो आधी नुसते मान हलवत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले की त्यांना काळा चष्मा काढून धरावा लागला. हसता हसता त्यांनी कबूल केलं की ते पिस्तूल विकत आणल्या दिवशीच कपाटात ठेवताना फरशीवर पडलं होतं, मूठ तडकली होती, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूतली खोट काढलेल्या माणसाला ते कुणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. बायकोलासुद्धा ती चिकटपट्टी कंपनीचीच आहे असं सांगितलं होतं.

"त्यांना पटलं?" संभाजीरावांनी विचारलं.

"ती म्हणाली, कंपनी गरीब असंल."

आता संभाजीरावही बांधावर बसले. दोघांचा आवाज वस्तीपर्यंत गेला असावा, कारण कुशाबाई दारात येऊन कपाळावर हात धरून बागेकडं बघत होत्या.

दुपारी तपासणीसाठी बारामतीला जायचं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं की डोळा एवढा लाल कशानं झाला, पाणी फार आलं होतं का, घरी कुणी काही बोललं का. दादासो म्हणाले, हसलो. डॉक्टरांनी संभाजीरावांकडं बघितलं. मग कागदावर थेंब सहाचे आठ वेळा करून दिले, आणि चार दिवस पेशंटला शांत ठेवा म्हणून सांगितलं. संभाजीरावांनी बघतो म्हटलं.